रकाना सातवा

देवगडहून फॉर्म आलाय, शुक्रवारपर्यंत भरून पाठवायचा.
रकाना सातवा: आपल्या शाळेच्या ग्रंथालयाचे स्वप्नचित्र,
पन्नास शब्दांत.
खाली चार ओळी. चौथी अर्धीच,
झेरॉक्सवाल्याने कापलेली.

आमचं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट,
मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे.
खाऱ्या वाऱ्याने कुलूप असं धरलंय
की चावी आधी खोबरेलात बुडवावी लागते.
रजिस्टर मात्र स्वच्छ.
हरवलेली पुस्तके: निरंक.
फाटलेली: निरंक.
वाचायला दिलेली, तीही निरंक,
आणि खाली साहेबांचा लाल शेरा: व्यवस्था उत्तम.

शेरा मी दोनदा वाचला.
जाळं इतकं घट्ट विणलंय
की पाणीसुद्धा आत येत नाही.

दिगंबर तारी, सातवीतला.
रापणीच्या दिवसांत दुसऱ्या तासाला येतो,
पायांना वाळू, शर्टाला खवलं.
एकदा कपाट उघडं होतं. तो दारातच उभा,
हात पाठीमागे.
घे ना, म्हटलं.
"नको बाई, हातांक वास येता."

तेव्हापासून माझ्या स्वप्नचित्रात
सगळ्यात आधी एक बादली आहे.
बादली, साबणाची वडी, एक पंचा.
मग पुस्तकं.
थांबा, खोडते.
बादली हवी, पण सक्ती नको.
बांगड्याचा वास लागलेले पुस्तक
हा ते वाचल्याचा पुरावा समजण्यात यावा.

कपाटच नको. दार असलं की चावी येते,
चावी आली की खुर्ची.
शाहीन मुजावरचे वडील कलमांच्या बागेत कामाला,
त्यांनी आंब्याच्या रिकाम्या पेट्या कबूल केल्यात, अकरा.
आडव्या रचल्या की झाले खण.
बाजूवर छापलंय ते तसंच राहू दे: पाच डझन.
सगळ्यात खालची पेटी पहिलीच्या पोरांची,
पोटावर लोळत हाताला येईल अशी.
वाळवी लागेल म्हणतात.
कुलपाने कुठे थांबवली होती?

वेळ: भरती पाहून.
जाळं सकाळी ओढायचं असेल तर दुपारी,
दुपारी असेल तर सकाळी.
साहेबांना पटणार नाही,
पण चंद्राची बदली त्यांच्या हातात नाही.

आणि मला हरवलेली पुस्तकं हवीत,
वर्षाला निदान वीस.
होडीत राहिलेली,
कुणाच्या आईने अर्धी वाचून उशाखाली ठेवलेली,
पाहुण्याच्या पिशवीतून चुकून मुंबईला गेलेली.
कारण लिहायला रजिस्टरात रुंद जागा.

दिगंबर विचारत होता,
"न्हेलंय तर परत हाडूक व्हया?"
हो, म्हटलं. पण घाई नाही.
त्याने माशांचं पुस्तक शर्टाच्या आत घातलं.
मुख्याध्यापक चहा पीत होते,
मी खिडकीबाहेर बघत होते.
(हे फॉर्मवर लिहू नये.)

नवव्या दिवशी आणलं.
एक्केचाळिसाव्या पानावर एक खवलं, वाळून चिकटलेलं,
उन्हात धरलं की चमकणारं.
आणि सुरमईच्या चित्राशेजारी पेन्सिलीने काढलेली
दुसरीच एक शेपटी.
"बाई, पुस्तकवाल्यान इसवण बघूक नाय.
शेपटी अशी नसता."

खराब झालेली: एक, असं लिहायला पेन उचललं.
मग नवा रकाना आखला.
दुरुस्त झालेली: एक.

रापणीचा कायदा इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
सातव्या रकान्यात शेवटी तोच उतरवला:
दोराला ज्याचा हात, त्याला वाटा.

मोजले. पाच शब्द.
पंचेचाळीस शिल्लक,
ते परत पाठवत आहे.
बादलीची पावती सोबत जोडली आहे.